पहिलं गिटार पेडल घरी बनवताना: सर्किटपासून डब्याच्या रंगापर्यंत सगळं क्रमाने

गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी वाटतंच की दुकानातलं पेडल (गिटार आणि अँपच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, मध्ये लावायचा, पायाने चालू-बंद करायचा आणि आवाज बदलणारा डबा) घेण्यापेक्षा एक आपणच बनवून बघावं. मग सर्किट शोधतात, सामान आणतात, सोल्डर मारतात, आवाजही येतो आणि गाडी तिथेच थांबते. बोर्ड उघडा पडलेला, वायरी लोंबतायत, बॅटरी सेलोटेपने चिकटवलेली, आणि महिन्याभरात एखादी वायर तुटली की सगळं ड्रॉवरमध्ये. माझी पहिली दोन पेडलं अशीच गेली. तिसरं मी हट्टाने डब्यात बसवलं, रंगवलं, त्यावर मराठीत अक्षरं घातली, आणि ते आजही रोज माझ्या पायाखाली असतं. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे की पहिलं पेडल इतकं साधं घ्या की सर्किट एका दुपारी संपेल, आणि उरलेला सगळा वेळ आणि जीव डब्याला द्या. नवीन माणूस अडकतो तो डब्यापाशीच.

मी ठाण्यात राहतो त्यामुळे सामान कुठून आणायचं, रंग कुठे मारायचा हे सगळं इथल्या हिशोबाने सांगतोय, नवी मुंबईवाल्यांनाही जवळपास तसंच लागू होईल.

१. कुठलं पेडल बनवायचं

बूस्टर. डिले नको, कोरस नको, ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्हसुद्धा आत्ता नको. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा, म्हणजे १९६८ साली सुरू झालेल्या कंपनीचा, एलपीबी-१ नावाचा एक बूस्टर आहे, लिनियर पॉवर बूस्टर. त्यात एकच ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर आणि एक व्हॉल्यूमचा पॉट (नॉबने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स), संपलं सर्किट. गिटारचा सिग्नल तो बराच मोठा करतो आणि अँपच्या तोंडावर आदळतो, व्हॉल्ववाला अँप असेल तर तो छान गुरगुरायला लागतो, आणि साधा सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाला) प्रॅक्टिस अँप असेल तरी सोलोला आवाज पुढे येतो. म्हणजे हे नुसतं शिकण्यापुरतं खेळणं नाही, कायम वापरात राहणारी वस्तू आहे.

२. काय काय लागेल

सर्किटसाठी:
- ट्रान्झिस्टर बीसी५४९सी, नाहीतर बीसी५४७ (चार-पाच घ्या, स्वस्त असतात)
- रेझिस्टन्स पाव वॉटचे: ४७० के, ४७ के, १० के, ३९० ओहम, १ मेग, आणि एलईडीसाठी ४.७ के
- कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरड, दोन. त्यावर १०४ लिहिलेलं असतं
- कंडेन्सर १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, एक
- डायोड १एन५८१७, नाही मिळाला तर १एन४००७ चालेल
- पॉट १०० के, लॉग
- झीरो बोर्डचा (सोल्डर मारायला भोकं आणि तांब्याचे गोल असलेल्या कोऱ्या बोर्डाचा) छोटा तुकडा, बारीक वायर दोन-तीन रंगांत

डब्यासाठी:
- ॲल्युमिनियमचा डायकास्ट डबा. पेडलवाले ज्याला १५९०बी म्हणतात तो साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरचा असतो. पहिल्यांदा करताय तर थोडा मोठा १२५बी घ्या, आत बोटं तरी जातात
- नऊ पायांचा थ्रीपीडीटी फूटस्विच (एका दाबात तीन जोडण्या एकदम बदलणारा, पायाने दाबायचा स्विच)
- गिटार केबलचे सॉकेट दोन, एक स्टिरिओ आणि एक मोनो
- डीसी सॉकेट २.१ मिलिमीटरचा, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची क्लिप, ५ मिलिमीटरचा एलईडी आणि त्याचा होल्डर, नॉब

हत्यारं: २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, साधा मल्टिमीटर (बीप वाजणारा), कटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न मारता भाग नुसते खोचून सर्किट जोडायची पाटी), ड्रिल मशीन, सेंटर पंच, स्टेप ड्रिल, गोल कानस, पॉलिश पेपर आणि डोळ्यांना गॉगल. गॉगल खरंच घ्या, ॲल्युमिनियमचा कीस बारीक आणि धारदार असतो.

३. लॅमिंग्टन रोडची फेरी

ठाण्याहून दादर, दादरला पश्चिम रेल्वेची स्लो गाडी (फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही), ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडायचं की चालत पाच-दहा मिनिटांवर लॅमिंग्टन रोड. वाशी-नेरूळवाल्यांनी हार्बरने कुर्ल्याला येऊन गाडी बदलावी आणि मग दादर. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी काउंटरवर तीन-तीन रांगा असतात आणि दुकानदाराला तुमच्या एका ट्रान्झिस्टरसाठी वेळ नसतो, त्यामुळे मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर सगळ्यात बरं.

जाताना कागदावर यादी मोठ्या अक्षरात लिहून न्या आणि तिथली भाषा लक्षात ठेवा. तिथे कपॅसिटर म्हणण्यापेक्षा कंडेन्सर म्हटलं की लगेच कळतं, रेझिस्टरला रेझिस्टन्स म्हणतात, आणि गिटारच्या मोठ्या जॅकला पी-३८ म्हणतात. नुसतं जॅक मागितलात तर मोबाइलवाला छोटा ईपी हातात येईल. सॉकेट हवाय म्हणजे 'पी-३८ फीमेल' म्हणा, आणि धातूचा, उघडा दिसणारा मागा. प्लॅस्टिक बॉडीचा स्वस्त असतो पण त्याने डबा ग्राउंड होत नाही (म्हणजे सर्किटच्या मायनसला जोडला जात नाही), ते पुढे येईलच.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे पॉट. बी१००के लिहिलेला लिनियर असतो, ए१००के म्हणजे लॉग, व्हॉल्यूमला लॉग लागतो. लिनियर लावलात तरी चालतं पण नॉब थोडासा फिरवला की आवाज एकदम उसळतो आणि पुढे उरलेल्या फेऱ्यात काहीच फरक पडत नाही. दुसरं म्हणजे फूटस्विच, दाबून सोडल्यावर आतली जोडणी बदललेलीच राहणारा हवा, सोडला की जोडणी परत पहिल्यासारखी होणारा नको. दुकानातच मल्टिमीटर लावून बघा, कोणी काही म्हणत नाही. मला डबा आणि थ्रीपीडीटी स्विच दोन्ही शेवटी ऑनलाइनच मागवावे लागले, म्हणून ते आधी मागवून ठेवा, बाकीचं सामान आलंय आणि डब्यासाठी दहा दिवस थांबलोय असं नको.

४. आधी ब्रेडबोर्डवर वाजवा

सोल्डरिंग आयर्नला अजून हात लावायचा नाही. सर्किट शब्दात सांगतो, कागदावर तुम्ही स्वतः काढा, काढताना अर्धं डोक्यात बसतं.

गिटारकडून येणारी वायर पहिल्या १०४ कंडेन्सरला, त्याचा दुसरा पाय ट्रान्झिस्टरच्या बेसला (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांची नावं बेस, कलेक्टर आणि एमिटर). बेसवरून ४७० के वर प्लस ९ व्होल्टला आणि ४७ के खाली ग्राउंडला. एमिटरवरून ३९० ओहम ग्राउंडला. कलेक्टरवरून १० के प्लसला. कलेक्टरवरूनच दुसरा १०४ कंडेन्सर, तो पॉटच्या एका कडेच्या पायाला, पॉटची दुसरी कड ग्राउंडला आणि मधला पाय म्हणजे आउटपुट. एवढंच. १ मेगचा रेझिस्टन्स इनपुटवर पहिल्या कंडेन्सरच्या आधी ग्राउंडला लावा, त्याने स्विच दाबताना येणारा 'टप्प' आवाज मरतो. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये, पट्टा असलेली बाजू ग्राउंडला. डायोड बॅटरीच्या प्लसकडून सर्किटकडे येताना मध्ये, पट्टी सर्किटच्या बाजूला.

मूळ सर्किटमध्ये ४३० के आणि ४३ के आहेत, पण ४७० आणि ४७ कुठेही मिळतात आणि दोघांचं प्रमाण तेच राहतं, त्यामुळे फरक पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एलपीबीच्या बऱ्याच चित्रांमध्ये २एन५०८८ हा अमेरिकन ट्रान्झिस्टर असतो. तो सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरला तर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असा असतो. आपला बीसी५४७ आणि बीसी५४९ बरोबर उलटा, कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे चित्रात बघून तसाच लावलात तर उलटा बसणार. गंमत म्हणजे उलटा लावला तरी आवाज अगदी बंद होत नाही, मरतुकडा आणि खरखरीत येतो, आणि माणूस रात्रभर दुसरीकडेच चूक शोधत बसतो. मी एक अख्खा रविवार सगळे रेझिस्टन्स काढून परत घालण्यात घालवलाय, आणि चूक होती ती एवढीच.

रेझिस्टन्सचे रंग ट्यूबलाइटच्या प्रकाशात फसवतात, नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात. १० के म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी आणि १ के म्हणजे तपकिरी-काळा-लाल, त्यामुळे प्रत्येक रेझिस्टन्स लावायच्या आधी मल्टिमीटरवर मोजाच.

५. सोल्डर मारणं

ब्रेडबोर्डवर वाजलं की तसंच्या तसं झीरो बोर्डवर आणा. आयर्नचं टोक आधी ओल्या स्पंजवर पुसून त्याला थोडं सोल्डर लावा म्हणजे ते चकचकीत होईल. मग टोक पायाला आणि तांब्याच्या गोलाला एकाच वेळी टेकवा, एक-दोन सेकंद थांबा, आणि सोल्डर वायर आयर्नला न लावता जोडाला लावा. नीट झालेला डाख चमकतो आणि उतरत्या टेकडीसारखा दिसतो. गोळ्यासारखा बसलेला असेल तर खाली पकडलेलं नाही, त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात आणि तो आज चालतो आणि उद्या गिगला बंद पडतो.

खिडकी उघडी ठेवा, पंखा तोंडावर नको पण धूर बाजूला नेईल असा लावा. ६०/४० मध्ये शिसं असतं, त्यामुळे काम झाल्यावर चहाच्या कपाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे. घरात लहान मुलं असतील तर कापलेले पायांचे तुकडे जमिनीवर ठेवू नका.

६. आवाज आला नाही तर

घाबरू नका, पहिल्यांदा बहुतेकांचं वाजत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला. कलेक्टरवर चार ते पाच व्होल्टच्या आसपास यायला हवेत, बेसवर पाऊण व्होल्टच्या जवळपास आणि एमिटरवर फक्त ०.२ च्या आगेमागे. कलेक्टरवर जवळजवळ पूर्ण बॅटरी दिसत असेल तर ट्रान्झिस्टर चालूच नाही, म्हणजे उलटा आहे, किंवा ४७० के तुटलाय, किंवा एमिटरचा जोड कच्चा आहे. कलेक्टरवर व्होल्टेज खूपच कमी असेल तर ४७ के नीट लागलाय का ते बघा.

व्होल्टेज सगळे बरोबर पण आवाज नाही, तेव्हा एक सोपी युक्ती आहे. अँपला केबल लावा, तिच्या दुसऱ्या टोकाच्या टिपला (जॅकच्या अगदी टोकाला) एक १०४ कंडेन्सर आणि त्याच्या पुढे छोटी वायर, केबलचं ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला. अँपचा आवाज अगदी कमी ठेवा. आता कोणालातरी गिटारची तार छेडत राहायला सांगा आणि ती वायर एकेका जागी टेकवत जा, आधी इनपुट, मग बेस, मग कलेक्टर, मग पॉटचा मधला पाय. जिथे आवाज गायब होतो त्याच्या जरा आधीच चूक आहे. माझा धाकटा भाऊ कित्येक संध्याकाळी असा एकच ई छेडत बसलाय. त्या वायरीने जितकं शिकलो तितकं कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नाही.

इथपर्यंत बोर्ड नीट वाजला तरच पुढे जा. न वाजलेला बोर्ड डब्यात घालून, आत गेल्यावर बघू असं अजिबात करू नका.

७. डब्याला भोकं पाडणं

आधी सगळे भाग रिकाम्या डब्यात नुसते ठेवून बघा, झाकण लागतंय का, पॉटची पाठ सॉकेटला लागत नाही ना, आणि केबल घातल्यावर सॉकेटचे पाय किती वाकून आत येतात तेही बघा. केबल न घालता मोजलं आणि नंतर झाकणच बसेना असं होतं. आणखी एक, डब्याच्या आतल्या बाजूने खुणा करत असाल तर डावं-उजवं उलटं होतं.

डब्यावर मास्किंग टेप लावा, त्यावर पेन्सिलने खुणा करा, सेंटर पंच ठेवून हातोडीचा एकच ठोका द्या. खड्डा न पाडता ड्रिल लावलात तर बिट घसरतो आणि डब्यावर कायमचा ओरखडा. आधी तीन मिलिमीटरचं भोक आणि मग स्टेप ड्रिलने मोठं करत न्या. फूटस्विच आणि डीसी सॉकेटला बारा, सॉकेटला साडेनऊ ते दहा, पॉटला सात ते साडेसात, एलईडी होल्डरला बहुतेक वेळा आठ. पण हे आकडे धरून चालू नका, तुमच्या हातातला भाग मोजा. ॲल्युमिनियम बिटला चिकटतं म्हणून रॉकेलचे दोन-चार थेंब टाकत राहा, वेग कमी ठेवा, डबा हातात न धरता लाकडाच्या फळीवर क्लॅम्प करा. भोकाच्या कडा गोल कानशीने साफ करा.

स्टीलच्या डब्यात करायचा विचार असेल तर पहिल्या वेळी नको. स्टेनलेस स्टील ड्रिल करताना आणखी कडक होत जातं आणि बिट जळतो. प्लॅस्टिकचा डबा कापायला सोपा, पण तो बाहेरचा गुणगुणाट अडवत नाही, विजेची ५० हर्ट्झची घुंईं सरळ आत येते.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर ड्रिलिंग रविवारी दुपारी दोनला करू नका, शनिवारी सकाळी अकराला करा आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवा. मी ही पद्धत ठेवल्यापासून आमच्याकडे एकदाही तक्रार आलेली नाही.

८. घासणं आणि रंग

हे काम मला सर्वात आवडतं आणि घाई इथेच सगळ्यात महाग पडते. क्रम असा, भोकं आधी, रंग नंतर, सामान सगळ्यात शेवटी.

डबा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग ४०० ने, पाणी लावून. कास्टिंगच्या रेघा जाईपर्यंत. मग भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटाने हात लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथला रंग पुढे सोलतो.

ॲल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही. लोखंडाचा लाल रेड ऑक्साइडही इथे कामाचा नाही. एच प्रायमर (इंग्रजीत etch) मागा, तो धातूला थोडा खातो आणि मग पकड घेतो. दुकानात पिवळा झिंक क्रोमेटही दाखवतील, तो ॲल्युमिनियमवर चांगला बसतो पण विषारी आहे, त्याची पूड नाकात जाता कामा नये, म्हणून सुका घासायचा नाही आणि मी घरात आणतच नाही.

रंगाचा स्प्रे कॅन दोन मिनिटं खडखडवा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून मारा, आणि डब्याच्या बाहेर सुरू करून डब्याच्या बाहेरच संपवा. पहिला कोट इतका पातळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच वेळी झाकायला गेलात की ओघळ येतात, आणि ओघळ आला तर ओला असताना बोट लावायचं नाही, दुसऱ्या दिवशी पूर्ण सुकल्यावर घासायचा.

आता आपल्या हवेचं. जून ते सप्टेंबर ठाण्यात स्प्रे मारूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर, विशेषतः क्लिअर कोटवर, पांढरट धुकं धरतं. मी एकदा ऑगस्टमध्ये, पाऊस दोन तास थांबलाय हे बघून गच्चीवर गडद निळा मारला. खाली येऊन चहा पिऊन परत गेलो तर अख्ख्या निळ्यावर दुधाची साय धरावी तसा थर. तो परत काढायला मला दोन दिवस लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी दहा ते बारा ही वेळ उत्तम. ऑक्टोबरच्या उन्हातही छान सुकतो. संध्याकाळी मारू नका, डास येऊन ओल्या रंगावर बसतात आणि त्यांचे पाय तिथेच राहतात. रस्त्याकडेला राहत असाल तर मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्याच्या आत मारा, धूळ कमी बसते.

आणि वाट बघा. हाताला सुका लागला म्हणजे सुकला असं नाही. चोवीस तास तर हवेतच, आणि कडक व्हायला आठवडा. आतल्या कडेला नख रुतवून बघा, खूण उमटली तर अजून थांबा. ओल्या रंगावर स्विचचा नट आवळला की नटाबरोबर रंगही गोल फिरून येतो.

रंगाऐवजी पावडर कोटिंगही होतं. वागळे इस्टेटमध्ये आणि तिकडे रबाळे-महापेच्या एमआयडीसीत पावडर कोटिंग करणारे बरेच आहेत. एका डब्यासाठी कोणी रंग बदलणार नाही, पण त्यांचा जो रंग चालू असेल त्याच भट्टीत आपले तीन-चार डबे टाकायला बरेच जण तयार होतात, म्हणून मित्रांचे डबे जमवून न्या. फक्त आतली बाजू कोरी ठेवायला सांगा.

९. अक्षरं

इथे मी लेझर प्रिंटचा वॉटरस्लाइड कागद (पाण्यात भिजवून छापलेलं चित्र डब्यावर सरकवायचा) वापरून बघितला, परमनंट मार्कर वापरून बघितला (क्लिअर कोट मारला की शाई पसरते, आधी अगदी पातळ फवारा मारून तो सुकू द्यावा लागतो), पण सगळ्यात आवडलं ते रेडियमवाल्याचं काम. बाइकवर नावं आणि स्टिकर कापून देणारा रेडियमवाला प्रत्येक नाक्यावर असतो, त्याच्याकडे कटिंगचं मशीन असतं. त्याला पांढऱ्या विनाइलमध्ये अक्षरं कापून द्यायला सांगा.

मला डब्यावर मराठीच हवं होतं. व्हॉल्यूमच्या खाली 'जोर' आणि वर पेडलचं नाव 'ढकल'. पण देवनागरी बारीक कापताना एक अडचण येते. पहिल्यांदा मी अक्षरं चार मिलिमीटर उंचीची दिली, तर चिमट्याने उचलताना 'जो'ची मात्रा तुटून वेगळी आली आणि 'र' शिरोरेघेपासून सुटला. मग त्या दादांनीच सांगितलं, फॉन्ट जाड घे, रेघा सगळ्या एकमेकांत मिसळून एकच आकार कर आणि उंची आठच्या खाली नको. तसं केलं तर सगळं नाव एकाच तुकड्यात उचललं गेलं. मशीनवर मराठी फॉन्ट नसेल तर अक्षरांचं चित्र करून न्या.

चिकटवायच्या आधी डब्यावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे स्टिकर सरकवून सरळ करता येतो, मग जुन्या एटीएम कार्डाने पाणी बाहेर काढा. एक दिवसाने वर क्लिअर कोट, परत पातळच. रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचा घ्या, नाहीतर कधीकधी खालचा रंग सुरकुत्या पडून उठतो. आधी झाकणाच्या आतल्या बाजूला मारून बघा.

१०. डब्यात बसवणं आणि वायरिंग

सॉकेट बसवायच्या आधी भोकाभोवती आतल्या बाजूचा रंग खरवडून धातू उघडा करा. डबा ग्राउंडला जोडला जातो तो इथूनच, रंग मध्ये आला की पेडलला हात लावल्यावर गुणगुण सुरू होते.

फूटस्विचचे नऊ पाय असतात, पायांच्या चपट्या पट्ट्या आडव्या दिसतील असा धरा, म्हणजे तीन उभे स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभात मधला पाय एकदा वरच्याला आणि एकदा खालच्याला जोडला जातो, खात्री म्हणून बीप लावून बघा. डावा स्तंभ: मध्ये इनपुट सॉकेट, वर बोर्डाचा इनपुट. उजवा स्तंभ: मध्ये आउटपुट सॉकेट, वर बोर्डाचा आउटपुट. दोघांचे खालचे पाय एकमेकांना वायरने जोडा, तोच बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल सरळ जायची वाट. मधला स्तंभ: मध्ये ग्राउंड, वर एलईडीचा आखूड पाय. एलईडीचा लांब पाय ४.७ के मधून प्लसला. या स्विचला आयर्न फार वेळ टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि स्विच अडकतो. एक पाय झाला की दुसऱ्या स्तंभातला करा, त्याला थंड व्हायला वेळ मिळतो.

बॅटरीची काळी वायर स्टिरिओ सॉकेटच्या रिंगला (मोनोत नसलेल्या जादा पायाला) जोडा. गिटारची साधी केबल आत गेली की रिंग आणि ग्राउंड आपोआप जुळतात आणि पेडल चालू होतं, केबल काढली की बंद. म्हणून वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवायची सवय लावा, नाहीतर सकाळी बॅटरी संपलेली.

पॉट शाफ्ट आपल्याकडे आणि पाय खाली असा धरला तर डावा पाय ग्राउंड, मधला आउटपुट, उजवा बोर्डाकडून येणारा. डब्यात बसवल्यावर आपण पाठीकडून बघतो तेव्हा हेच उलटं दिसतं आणि नॉब उलटा फिरायला लागतो. बोर्डाच्या सोल्डरच्या बाजूला जाड पुठ्ठा किंवा फोमची टेप लावा म्हणजे पॉटच्या पाठीला टेकून शॉर्ट होणार नाही.

११. अडॅप्टरची चूक करू नका

गिटार पेडलचा ९ व्होल्टचा अडॅप्टर मधे मायनस असलेला असतो. आपल्या घरात राउटर, सेटटॉप बॉक्स यांचे जे पडलेले असतात ते बहुतेक मधे प्लसवाले, आणि पिन तीच, बसते पण आरामात. डायोड न लावलेल्या माझ्या एका पेडलला मी तसा लावला, १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गरम होऊन फुगला, नशिबाने बाकी वाचलं. अडॅप्टरवर एक छोटं चित्र असतं, मधल्या ठिपक्याला जोडलेली खूण मायनस आहे ना ते बघा. आणि व्होल्टही बघा, ९ लिहिलेलाच हवा, १२ चा नको. पहिले काही दिवस बॅटरीवरच वाजवा, घरातल्या काही अडॅप्टरची शिट्टी आवाजात येते आणि मग उगीच आपल्या सोल्डरिंगवर संशय येतो.

झाकण लावायच्या आधी एका कागदावर सगळ्या रेझिस्टन्स-कंडेन्सरचे आकडे (किती ओहम, किती मायक्रोफॅरड), ट्रान्झिस्टरचा नंबर आणि तारीख लिहून तो झाकणाच्या आत चिकटवा, सहा महिन्यांनी उघडाल तेव्हा काहीच आठवत नसतं. मग चार स्क्रू, खाली चार रबरी बुश, आणि केबल लावून पहिल्यांदा बूट घालून दाबून बघा, अनवाणी पायाला आणि बुटाला तो स्विच वेगळा लागतो.